चाकाची घरघर



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्‌मय, इतिहास, अर्थकारण, नाट्यकला असे विषय ऐकण्याची आपणां सर्वांस सवय आहे. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही मोटारीच्या चाकातील एक बेअरिंग आणून बसवीत आहोत. याबद्दल कोणाच्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती आम्ही समजू शकतो. परंतु ज्या वस्तूच्या भरवशावर आपण मुलेबाळे, वृद्ध आईवडील आणि प्रसंगी अत्यवस्थ रोगी यांना गाडीत बसवून नागपूरचा रस्ता धरतो, ती वस्तू तासभराच्या विचारालाही पात्र नाही असे कोण म्हणेल?

आपल्या भाषेत ‘घरघर’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पहाटेच्या जात्याची घरघर असते. ती ऐकली की घरात दाणा आहे याची खात्री पटते. दुसरी घरघर माणसाच्या घशात शेवटच्या घटकेला लागते. ती ऐकली की घरची माणसे गंगाजळाची कुपी शोधू लागतात. या दोहोंच्या मधोमध चाकाची घरघर येते. ती जात्याच्या घरघरीसारखी नित्याची मानून सोडून द्यावी, की अंतकाळची खूण मानून घाबरावे? आमचे उत्तर असे की, या दोन्ही गोष्टी करू नयेत. ती कोठून आणि कशाने येते याचे आधी नीट निदान करावे. मोटारदुरुस्तीत सुटा भाग बदलण्याला आपण जेवढे महत्त्व देतो, त्याहून अधिक महत्त्व निदानाला द्यावयास हवे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा मुद्दा आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता तरी हौसेचा नव्हे. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. अँबॅसडरचेही उत्पादन त्याच २०१४ साली बंद झाले. प्रीमियर पद्मिनी तर त्याआधीच नव्या शतकाच्या उंबरठ्यावर निवृत्त झाली. म्हणजे या तिन्ही घराण्यांतील सर्वांत धाकट्या गाडीनेही वयाची दहा वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी तपासणीनंतर पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, हे आपण जाणताच. लाखांदूर, पवनी, तुमसर, साकोली या भागांत अशा एखाद्या जुन्या गाडीवर एका कुटुंबाची मीठभाकर अवलंबून असते, आणि आजूबाजूच्या चार घरांची अडीअडचणही तीच भागवते. अशी गाडी रस्त्यात बसली म्हणजे केवळ मालकाचे नुकसान होत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचावयाचे माणूस वाटेवर अडकते.

आता बेअरिंग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना हे समजावणे सोपे आहे. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव, आत आरे आणि मध्ये तुंबा. तुंब्याच्या भोकातून आस जातो, आणि चाक फिरते तेव्हा तुंबा आसावर घासतो. हे घासणे सुसह्य व्हावे म्हणून वंगण घालावयाचे. वंगण आटले की गाडी कुरकुरू लागते आणि अंधारातही शेतकऱ्याला कळते की आता थांबले पाहिजे. मोटारीच्या वेगाला हे घासणे परवडत नाही. म्हणून तुंबा आणि आस यांच्यामध्ये पोलादी गोळ्या किंवा रूळ घालून घासण्याचे रूपांतर लोळण्यात केले. सरकवत नेलेला ओंडका आणि गोल दांड्यांवरून लोटलेला ओंडका यांत जो फरक, तोच येथे आहे.

चाकाचे बेअरिंग उकलून पाहिले, तर त्यात एक बाहेरचे कडे, एक आतले कडे, मधल्या खोबणीत सायकलवाले ज्यांना छर्रे म्हणतात तशा गोळ्या, त्या गोळ्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून एक जाळी, आणि या सर्वांस ओलावा देणारे ग्रीस आढळते. बाहेरचा चिखल आत येऊ नये आणि आतले ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून कडेला रबरी ओठाचे ऑइल सील बसविलेले असते. कड्यांचे व गोळ्यांचे पोलाद साधे नसते; त्यात सुमारे १ टक्का कर्ब आणि सुमारे दीड टक्का क्रोमियम असते, आणि ते पाणी देऊन इतके कठीण केलेले असते की कानशीही त्यावरून घसरते. चांगल्या गोळीच्या गोलाईतला फरक माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. एवढ्या नाजूक घरात वाळूचा एक कण शिरला, तर काय अनर्थ होईल याची कल्पना यावरून करता येईल.

या लहानशा वस्तूला इतिहासही आहे. गाडीच्या आसात गोळ्या बसविण्याचे पहिले पेटंट वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ साली घेतले. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ साली अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांना मिळाले. ते स्वतः घोडागाड्या बनविण्याच्या धंद्यातले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९०७ साली स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्ट यांनी आपोआप जुळवून घेणारे बॉल बेअरिंग तयार केले आणि त्यातून पुढे एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १४ ऑक्टोबर १९४३ रोजी, जर्मनीतील श्वाइनफुर्ट या एका गावावर हल्ला करताना अमेरिकेने आपली ६० बाँबफेकी विमाने एका दिवसात गमावली. त्या गावात होते काय? बेअरिंगचे कारखाने! बेअरिंगे बंद पडली तर विमाने, रणगाडे, सारेच बंद पडेल, असा तो हिशेब होता. आपल्या देशात जयपूरला १९४६ साली बेअरिंगचा कारखाना स्थापन झाला, आणि पुण्याजवळ चिंचवडलाही बेअरिंगे तयार होतात. आपला भंडारा जिल्हाही पोलादाला परका नाही; वरठीजवळ मोटार-उद्योगाला लागणारे खास पोलाद तयार होते आणि गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे.

या वस्तूवर काम किती पडते, याचा एक हिशेब मांडू. मारुती ८०० चे १२ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १ मीटर ६० सेंटिमीटर अंतर कापते. म्हणजे एका किलोमीटरला सव्वासहाशे फेरे. भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर धरले, तर एका खेपेत चाक साडेसदतीस हजारांच्या वर वेळा फिरते. त्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक गोळी आपल्या वाट्याचा भार उचलते आणि सोडते. पोलादही अखेर थकते. अभियंत्यांचा नियम असा की, गोळ्यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. चार माणसांच्या गाडीत आठ माणसे आणि टपावर धानाची दोन पोती घालणाऱ्यांनी हा नियम मनात ठेवावा.

परंतु खरे सांगावयाचे, तर निव्वळ थकून मरणारी बेअरिंगे थोडी; बहुतेकांचा अकाली मृत्यू होतो. पहिला मारेकरी म्हणजे पाणी. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल रस्त्यावर येतो, नाले रपट्यावरून वाहतात, आणि आपण गाडी त्यातून काढतो. धावून तापलेले हब थंड पाण्यात बुडाले म्हणजे आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढून घेते. त्या दिवशी काही कळत नाही. ग्रीस ताकासारखे पांढरट होते, गोळ्यांवर गंज धरतो, आणि दोनचार महिन्यांनी घरघर सुरू होते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले होते, ते आपण विसरला नसाल. अशा पुरात जी गाडी चाकभर पाण्यात उभी राहते तिचे इंजिन आपण धुऊन-पुसून घेतो. पण चाकांची बेअरिंगे तपासून घ्यावीत हे फार थोड्यांना सुचते.

दुसरा मारेकरी खड्डा. जोराच्या आदळीने गोळ्या कड्याच्या खोबणीत आपले ठसे उमटवितात. मग प्रत्येक फेऱ्यात गोळी त्या ठशांतून उड्या मारीत जाते. तिसरा मारेकरी, सांगावयास संकोच वाटतो, पण तो हातोडा आहे. नवे बेअरिंग ठोकून बसविताना जो मार गोळ्यांवर पडतो, तो खड्ड्याइतकाच वाईट. चौथा मारेकरी सहसा ओळखू येत नाही: गाडीला वेल्डिंग करताना अर्थिंगची पकड भलत्या जागी लावली आणि वीज बेअरिंगमधून वाहिली, तर तिच्या ठिणग्यांनी कड्यावर बारीक खड्डे पडतात.

आता मुख्य विषयाकडे, निदानाकडे वळू. आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती जुनी आहे. कासाराकडे भांडे घेताना जाणती गृहिणी ते टिचकी मारून वाजवून पाहते. कुंभाराकडचे मडकेही वाजवल्याशिवाय घेत नाही. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. मोटारीच्या बाबतीत हाच न्याय लावावयाचा आहे. फरक इतकाच की, भांडे एकच आवाज करते आणि गाडी एका वेळी दहा आवाज करते. त्यांतील नऊ बाजूला सारून दहावा ओळखणे म्हणजे निदान.

पहिली पायरी अशी. रेडिओ बंद करावा, काचा खाली कराव्यात, आणि रहदारी नसलेल्या सरळ, गुळगुळीत रस्त्यावर गाडी न्यावी. घरघर वेगाबरोबर वाढते काय, ते पाहावे. मग वेग असतानाच क्षणभर गियर न्यूट्रल करावा; इंजिन मंदावले तरी आवाज जसाच्या तसा राहिला, तर इंजिन निर्दोष सुटले. अॅक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडताना दुसरा सूर येत असेल, तर संशय गियरबॉक्स किंवा डिफरन्शियलकडे वळवावा. ब्रेकला पाय लावताच आवाज बदलत असेल, तर ब्रेक तपासावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालविताना कट्‌कट्‌ असा आवाज येत असेल, तर तो पुढच्या चाकांना फिरविणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, बेअरिंगचा नव्हे.

सर्वांत फसवा सोबती म्हणजे टायर. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो, आणि त्यामुळे कित्येक निरोगी बेअरिंगे बदलली जातात. परंतु टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा. बेअरिंग मात्र रस्त्याची पर्वा करीत नाही. तरीही शंका उरली, तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून पाहावे. आवाज टायरबरोबर जागा बदलून गेला, तर दोष टायरचा.

दुसरी पायरी, कोणते चाक? मोकळ्या जागी, बेताच्या वेगात गाडी हलकेच उजवीकडे आणि मग डावीकडे झुकवावी. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर बहुधा डावे बेअरिंग दोषी. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही जाणून वापरतो. एका चाकात दोन दोन बेअरिंगे असतात आणि कधीकधी हा नियम उलटाही पडतो. म्हणून केवळ याच साक्षीवर शिक्षा सुनावू नये.

तिसरी पायरी हातांची. गाडी सपाट जागी उभी करावी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावावेत, जॅकने चाक उचलावे आणि गाडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, हे पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. मग चाक वर आणि खाली धरून हलवून पाहावे. लटपट जाणवली, तर एका माणसाला ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेक दाबताच लटपट नाहीशी झाली, तर ती बेअरिंगची. तशीच राहिली, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटची. चाक डावीउजवीकडे धरून हलवले असता लटपट असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे पाहावेत.

त्यानंतर चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे जवळच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवावीत. खराब बेअरिंगची खरखर कानापेक्षाही बोटांना स्वच्छ कळते. जात्यात खडा आल्यावर खुंट्याला जशी कळते, तशी. लाकडी दांड्याचे एक टोक हबच्या न फिरणाऱ्या भागावर आणि दुसरे कानाजवळ धरून ऐकण्याची जुन्या मिस्त्र्यांची रीतही उत्तम आहे. डॉक्टरांची नळी याहून वेगळे काय करते? एक चाक तपासले की दुसऱ्या बाजूचे तसेच तपासावे. कारण निरोगी कसे लागते हे कळल्यावाचून रोगी कसे लागते ते कळत नाही.

येथे कोणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? मिस्त्रीला सांगावे, चारही बदलून टाक! आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. आपण गॅरेजात जातो तेव्हा सुट्या भागाचे पैसे निमूट देतो, बसविण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो, आणि निदानाला तर फुटकी कवडीही द्यावयास तयार नसतो. ‘नुसते बघितलेस, त्याचे कसले पैसे?’ असा आपला सवाल असतो. मग ज्याला बघण्याचे पैसे मिळत नाहीत तो बघणार कशाला? तो अंदाजाने भाग बदलतो. एक बदलला, आवाज राहिला. दुसरा बदलला, तरी राहिला. शेवटी टायर बदलला आणि आवाज थांबला. ग्राहक म्हणतो, मिस्त्री लबाड. परंतु या लबाडीचे बी आपणच पेरले नव्हते काय? वैद्याने नाडी पाहिली की आपण त्याला दक्षिणा देतो; मग तो औषध देवो वा ‘काही झालेले नाही’ असे सांगो. तोच मान चाकाची नाडी पाहणाऱ्याला का नसावा? ज्याने अर्धा तास ऐकून, हलवून, फिरवून ‘तुमचे बेअरिंग ठीक आहे, टायर झिजला आहे’ असे सांगितले, त्याने आपले पैसे वाचविले आहेत; त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे हा अन्याय आहे आणि अखेर तो आपल्यालाच महाग पडतो.

असो. दोष बेअरिंगचाच ठरला, असे समजू. ते बदलावे कसे? जुन्या जीपच्या पुढच्या चाकात निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे समोरासमोर बसविलेली असतात. तेथे बाहेरचा नट, मुडपलेला लॉक वॉशर आणि आतला नट काढला की हब बाहेर येते. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन सर्व भाग कोरडे करावेत. बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून वाळविण्याची काहींना हौस असते. ती धोक्याची आहे. कोरडे बेअरिंग अशा वेगाने फिरून बिघडते, आणि क्वचित फुटून अंगावरही येते.

जुने भाग लगेच भंगारात टाकू नयेत, ते वाचावेत. आम्ही ‘वाचावेत’ असेच म्हणतो, कारण त्यांवर मृत्यूचे कारण लिहिलेले असते. गंजाचे डाग असतील, तर पाणी शिरले. सील बदलल्यावाचून नवे बेअरिंगही तसेच मरेल. निळसर-तपकिरी झाक असेल, तर ते तापले. नट फार आवळला होता किंवा ग्रीस संपले होते. समान अंतरावर खळगे असतील, तर आदळ बसली. खोबणीतला पोपडा सुटला असेल, तर पोलाद थकले.

हबमध्ये घट्ट बसलेले बाहेरचे कडे काढताना आणि नवे बसविताना पोलादी छिन्नी वापरू नये, पितळी दांडा वापरावा. पितळ पोलादाहून मऊ. ते स्वतः दबते पण कड्याला जखम करीत नाही, आणि कठीण पोलादाची कपची उडून डोळ्यात जाण्याचे भयही कमी होते. पितळेच्या गावाने पितळेचा हा गुण जाणला पाहिजे! तरीही डोळ्यांवर चष्मा हवाच. कडे चोहोबाजूंनी थोडे थोडे, सरळ ठोकावे. ते तळाला जाऊन भिडले की ठोक्याचा आवाज पालटतो. बद्द होता तो खणखणीत होतो. ज्या कानाने रोग ओळखला, तोच कान येथे काम पुरे झाल्याचे सांगतो. जुन्या कड्यात नवे रूळ किंवा नव्या कड्यात जुने रूळ, असा विजोड संसार मात्र मांडू नये. जोडी जोडीनेच बदलावी.

ग्रीस वरून फासून भागत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबीत राहावे. रुळांच्या फटींतून ते पलीकडे दिसू लागेपर्यंत दाबावे. मात्र हबची पोकळी ठेचून भरू नये, नाहीतर ग्रीसच घुसळून तापते. दोन जातींची ग्रीसेही मिसळू नयेत. त्यानंतर चाक फिरवीत फिरवीत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळावा, आणि मग सुमारे एकषष्ठांश फेरा सैल करावा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण लटपटता कामा नये. मग वॉशर आणि बाहेरचा नट लावून पुन्हा तपासावे. घरघर थांबविण्यासाठी जुनाच नट आवळणारे काही लोक असतात. त्याने लटपट जाते, पण झिजलेले बेअरिंग तापू लागते. आजार मिटत नाही, केवळ झाकला जातो.

मारुती ८०० सारख्या गाड्यांच्या पुढच्या चाकांची रीत निराळी आहे. तेथे गोळ्यांची बेअरिंगे नकलमध्ये दाबून बसविलेली असतात. दांड्याचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा, आणि नकल सोडवून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या कारागिराकडे न्यावा. येथे एकच सूत्र ध्यानात धरावे: जे कडे घट्ट बसावयाचे, त्याच कड्यावर जोर द्यावा. नकलच्या घरात बसविताना बाहेरच्या कड्यावर, दांड्यावर बसविताना आतल्या कड्यावर. भलत्या कड्यावर जोर दिला की तो गोळ्यांतून जातो, आणि बेअरिंग चालण्यापूर्वीच जखमी होते. सील नवेच घालावे, आणि शेवटचा नट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळावा. चारही चाकांची बेअरिंगे बदलण्याचे कारण नाही. जे बिघडले ते बदलावे, बाकीची तपासावीत. खरेदी मात्र खात्रीच्या दुकानातून करावी. बनावट बेअरिंगे हुबेहूब खोक्यात मिळतात, आणि ती स्वस्त असतात तोपर्यंतच स्वस्त असतात.

काम झाल्यावर दहापंधरा किलोमीटर जाऊन थांबावे आणि हाताची पालथी बाजू हबजवळ नेऊन उष्णता पाहावी. दोन्ही बाजूंचे हब सारखेच कोमट हवे. एक चटका देत असेल, तर नट फार आवळला गेला आहे किंवा ब्रेक घासत आहे. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

ही घरघर ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर काय होते? काही महिने काहीच होत नाही, आणि म्हणूनच माणूस बेफिकीर होतो. मग ग्रीस जळते, जाळी तुटते, गोळ्या विखुरतात, चाक तिरके होऊन ब्रेकला घासते. आणि एखाद्या रात्री, भरलेली गाडी महामार्गावर वेगात असताना, चाक जाम होते किंवा निखळते. शेजारून अवजड ट्रकांची रांग चाललेली असते. त्या वेळी निदानाला अवकाश उरत नाही. बेअरिंगचा एक गुण मात्र मानला पाहिजे. ते क्वचितच न सांगता दगा देते. ते आधी बोलते, बरेच दिवस बोलते. ऐकणारा तेवढा हवा.

मृग लागावयास आता फार दिवस नाहीत. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी पावसापूर्वी एक सकाळ काढून, काचा खाली करून, मुक्याने दहा किलोमीटर गाडी चालवावी आणि ती काय म्हणते ते ऐकावे. संशय आला, तर मिस्त्रीकडे जाऊन ‘बेअरिंग बदल’ असे न म्हणता ‘आवाज कशाचा ते शोध, शोधण्याचे पैसे देतो’ असे म्हणावे. एवढा एक बदल आपल्या गावाने केला, तरी चांगले मिस्त्री टिकतील, त्यांच्या हाताखालची मुले ऐकावयास शिकतील, आणि आपल्या जुन्या गाड्या आणखी काही वर्षे आपली माणसे सुखरूप घरी आणतील.